नारुमीची बायको

फस्.

नारुमीचा चेंडू इसोगाईच्या ग्लव्हमध्ये पडला आणि ओला टॉवेल आपटल्यासारखा आवाज झाला. इसोगाईने घाईघाईने तो आवाज झाकला. "वा रे वा! काय चेंडू आहे!" शेजारच्या पट्ट्यांत नवे पिचर चेंडू टाकत होते. त्यांच्या कॅचरांचे ग्लव्ह फटाक् फटाक् वाजत होते.

फेब्रुवारीत जपानातल्या कोचीच्या किनाऱ्यावर धुकं दुपारपर्यंत हलत नाही. बेसबॉलच्या सराव शिबिराचं मैदान, पाइनची झाडं, जाळीमागची माणसं, सगळं अर्ध्या झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं. त्या जाळीमागे मॅनेजर त्सुझुकी डोळे मिटून उभे होते. वेग मोजायची यंत्रं तेव्हा आमच्याकडे आली नव्हती. म्हातारा कानाने पिचर निवडायचा. आज नारुमीचा निकाल होता. चेंडू वाजला तर संघात, नाही वाजला तर घरी.

"काय वहिनी, मालक रुसलेत का आज?" शेजारचा कॅचर ओरडला.

"तू आपला संसार सांभाळ, शहाण्या!" इसोगाईने ठणकावलं.

आमच्याकडे कॅचरला पिचरची बायकोच म्हणतात. इसोगाईला त्याचं वाईट वाटत नसे, उलट अभिमानच होता. काय खाल्लं की नारुमीचं पोट बिघडतं आणि कुठली शिवी दिली की त्याचा राग उतरतो, हे त्याच्या लग्नाच्या बायकोआधी इसोगाईला ठाऊक होतं.

चेंडू नुसता झेलून भागत नाही. तो वाजवावा लागतो. पहिल्या बोटाच्या मुळाशी, ग्लव्हच्या नेमक्या खोबणीत घेतला की बार उडतो आणि त्या बाराने पिचरची छाती फुगते. एके काळी इसोगाईने कित्येक मरतुकड्या पिचरांचे चेंडू वाजवून दाखवले होते. पण या हिवाळ्यात नारुमीचा चेंडूच मेला. काही केल्या वाजेना. हल्ली जेवणानंतर जरा डोळा लागला की इसोगाईला तो जुना बार ऐकू यायचा. मग तो हसत जागा व्हायचा आणि हे कुठलं साल, हे त्याला क्षणभर आठवायचं नाही.

आज त्याने आपला जुना, पातळ झालेला ग्लव्ह आणला होता. त्याला तेल चोळलं होतं. बोटं जागी व्हावीत म्हणून सकाळी तो ग्लव्ह घालायचा डावा पंजा गरम पाण्यात बुडवून बसला होता. थंडीत सगळेच कॅचर तसे बसतात.

फस्. पुन्हा फस्.

"पुरे," त्सुझुकी म्हणाले.

इसोगाई धावत जाळीपाशी गेला. "साहेब, आठवडाभर थांबा. हवा दमट आहे, चामडं वाजत नाही."

"आणि शेजारी काय उन्हाळा लागलाय?" मग म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "तूच सांग त्याला. बायकोने सांगितलेलं बरं."

इसोगाई नारुमीपाशी गेला. सामन्यात बोलतात तसा त्याने ग्लव्ह तोंडावर धरला. "नारुमी... चेंडूत जीव नाही राहिला रे. साहेब म्हणतात, थांब आता."

नारुमीने टोपी काढली. त्याच्या डोक्यातून वाफ निघत होती. "बरं."

"बरं काय? भांड की मेल्या! अजून दोन वर्षं टाकणार होतास ना?"

"असू दे रे इसो. पुष्कळ टाकले." आणि तो चक्क हसला. इसोगाईला मात्र रडू आवरेना.

तेवढ्यात त्सुझुकी तिथे आले. तेही एके काळचे कॅचर. त्यांनी हात पुढे केला आणि इसोगाईचा ग्लव्ह मागून घेतला. "शेवटचा चेंडू मी झेलतो, नारुमी. तेवढा मान तुझा."

नारुमीचं हसू मावळलं. "नको साहेब. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघतो."

"खरंच नको. इसो घेईल. घरचा चेंडू घरात राहू दे."

"मला नाही म्हणतोस?" म्हातारा चिडला. आमच्याकडे मॅनेजरला एकदाही नाही म्हणत नाहीत, नारुमीचं तर दोनदा म्हणून झालं होतं. त्याने मान खाली घातली.

त्सुझुकी कण्हत कण्हत उकिडवे बसले. नारुमीने लहान पोराला द्यावा तसा हळूच चेंडू टाकला.

"थट्टा करतोस माझी?" त्सुझुकी गरजले. "सगळी ताकद लाव, नाहीतर चालता हो इथून. नमस्कारालाही थांबू नकोस!"

नारुमीने एकदा इसोगाईकडे पाहिलं. मग पाय उचलला.

फटाक्!

पाइनमधले कावळे उडाले. शेजारचे पट्टे थांबले. त्सुझुकी ग्लव्हकडे बघत तसेच बसून राहिले.

"जिवंत आहे!" इसोगाई आनंदाने ओरडला. "ऐकलंत साहेब? चेंडू जिवंत आहे!" धुक्यात उभा राहून तो वेड्यासारखा टाळ्या पिटत सुटला. इतका सुखी तो कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

मग टाळ्या थांबल्या. ग्लव्ह तर तोच होता. चेंडू टाकणाराही तोच. इसोगाईचा उजवा तळवा झिणझिणत होता. डाव्याला काही कळलंच नव्हतं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्याने विचारलं.

"शिबिराच्या पहिल्या दिवसापासून," नारुमी म्हणाला. "मला वाटलं होतं, दोघं एकदमच जाऊ."