राखीव

कर्ण्यावरून कंपनीच्या कबड्डी संघाची नावं पुकारली जात होती. सात नावं झाली. मग "राखीव खेळाडू, दादू वामन तांडेल" असं ऐकू आलं आणि जमनाने शेजारच्या रंभाबाईला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? माज्या पोराची जागा राखीव ठेवली हाय. दुसरं कोन बसूच शकत नाय तिथं."

रंभाबाई मैदानाकडे बघत होती. तिचा मंगळ्या समोर दातिवऱ्याच्या संघात उभा होता. गेली तीन वर्षं दातिवऱ्याची चढाई म्हणजे दादू आणि पकड म्हणजे मंगळ्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी दादूने बोईसरच्या कंपनीच्या कागदावर सही केली. तो तयार नव्हता. जमनाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, तेव्हा झाला. पॅकिंग खात्यात टेंपररी काम, पुढे खेळ बघून पर्मनंट. पोरगं बापासारखं होडीवर जाणार नाही, एवढ्यासाठी ती आणखी दहा दिवस उपाशी राहिली असती.

शिरगावच्या किनाऱ्यावर, किल्ल्याच्या अलीकडे मैदान आखलं होतं. सामन्याला तोंड लागलं आणि दातिवऱ्याचं पितळ उघडं पडलं. चढाईला जाईल तो तिकडेच आडवा होत होता. एकटा मंगळ्या किल्ला लढवत होता. त्याने कंपनीचे तीन गडी घोट्याला धरून लोळवले. दादू बाकावर बसला होता. अंगात नवंकोरं बनियन, पायांत नवे बूट, दोन्ही हात गुडघ्यांत. मागून कुणीतरी "विकला गेला" म्हणालं, ते जमनाने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मध्यंतराला ती पदराखाली सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी घेऊन शांताराम साहेबांकडे गेली. शांताराम शिरगावच्याच वाडीतला, कंपनीत खेळाडू निवडायचं काम बघायचा. आधी स्वतः हात जोडल्याशिवाय कुणाशी बोलत नसे. ओरडणारी माणसं परवडली, ही नाही.

"सायेब, दादूला कवा उतरवनार?"

"उतरवायचं कशाला, मावशी?" त्याने पुडी घेतली, वास घेऊन मान डोलावली. "तुम्ही पालघरच्या बाजारात बसता ना? बंदरावरची चांगली पापलेटं सगळी तुम्हीच उचललीत, तर बाकीच्या बायका काय विकणार?"

जमनाला एका झटक्यात कळलं. असली खरेदी तिने स्वतः कितीदा केली होती. आणि उचललेलं पापलेट विकलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मंग सोडा त्याला. गावाकडून खेळंल."

"फॉर्म भरलाय त्याने. या मोसमात दुसरीकडून उभा राहिला तर दोन वर्षं बंदी." शांताराम हसला. "आणि पर्मनंट व्हायचंय ना त्याला?"

उत्तरार्धात मंगळ्याच्या पकडीत कंपनीच्या मुख्य चढाईपटूचं बनियन टर्रकन फाटलं. फाटक्या बनियनवर पंच खेळू देईनात. शांतारामने बाकाकडे बोट केलं. दादू ताडकन उठला, मांडीवर थाप मारली, वाकून मैदानाची माती कपाळाला लावली. दातिवऱ्याची माणसं माना उंचावून बघू लागली. शांताराम दादूजवळ जाऊन हळूच काहीतरी म्हणाला. दादू त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बनियन डोक्यावरून काढलं, त्या चढाईपटूच्या हातात दिलं आणि उघड्या अंगाने पुन्हा बाकावर बसला. गर्दीत कुणीतरी खिदळलं, मग बरेच जण हसले. उरलेली बारा मिनिटं तो तसाच बसून होता.

दातिवरे दोन गुणांनी हरलं.

लोक उठले. जमना जागची हलेना. मघाची आपली बढाई आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. रंभाबाईने पिशवीतून मंगळ्याचा धुतलेला सदरा काढला आणि जमनाच्या हातात दिला.

"घाल जा दादूच्या अंगात. वारा सुटलाय. मी टेंपो थांबवून धरते."

जमना सदरा घेऊन निघाली, तर वाटेतच शांतारामने गाठलं.

"मावशी, तो मंगळ्या. पोरगा वाघ आहे. पण ह्या वयाच्या पोरांशी बोलण्यात अर्थ नसतो, गावाचं नाव वगैरे सांगत बसतात. त्याची आई आलीय का?"

जमनाने पाऊल पुढे टाकलं.

"दादूच्या कागदावर अजून मोठ्या साहेबांची सही व्हायचीय," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी त्यांना भेटतोच आहे."

टेंपोपाशी रंभाबाई ड्रायव्हरला हाताने थोपवत होती, जमना अजून यायचीय म्हणून. जमनाने सदरा काखेत धरला आणि मोकळ्या हाताने तिकडे दाखवलं.

"ती, हिरव्या लुगड्याची. नवरा दम्यानं घरात बसलाय तिचा. नाय म्हननार नाय."