वहीत नसलेलं नेपल्स

पॅरिसमध्ये पाऊस पडतोय, असं ईशान फोनवर आईला सांगत होता, तेवढ्यात अस्मिताने घाईघाईने कुकरखालची शेगडी बंद केली. शिट्टी झाली असती तर पॅरिस तिथेच संपलं असतं.

दोघं नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या आपल्या घरातून हललेही नव्हते. फ्रान्स आणि इटलीच्या सहलीला आठवडा उरला असताना ईशानच्या कंपनीने त्याला पत्र दिलं. तिथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला. तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. सहल रद्द केली, पण तसं पुण्याला कळवायची दोघांची छाती झाली नाही.

कारण सहल बाबांनी आखली होती. बाबांची उभी नोकरी रेल्वेच्या वेळापत्रकांत गेली. गेल्या वर्षी बायपास झाल्यावर डॉक्टरांनी दगदग बंद केली, तेव्हा त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली आणि मुलासुनेची बारा दिवसांची सहल मिनिटामिनिटाने लिहून काढून वही कुरिअरने पाठवून दिली. कुठली गाडी, कुठला प्लॅटफॉर्म, कुठे काय खायचं. पॅरिसला कांद्याचं सूप. नीसला चण्याच्या पिठाचा पोळा, कंसात ‘आपलं धिरडंच’. रोमला मिरी आणि चीजचा पास्ता. त्या माणसाला नोकरी गेल्याचं कसं सांगणार? आणि नोकरीचं न सांगता सहल रद्द झाल्याचं तरी कसं सांगणार?

मग वहीच कामाला आली. रोज पान उघडायचं आणि त्या गावातून फोन लावायचा. हॉटेलचं नेट कमी पडतं, म्हणून व्हिडिओ नको, एवढं ईशानने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एरवी तोंड दाखवल्याशिवाय फोन न ठेवणारी आई या वेळी लगेच बरं म्हणाली. दोघांचा जीव भांड्यात पडला.

पहिले तीन दिवस बाबा स्वतः फोनवर येत. गाडी वेळेवर सुटली का, हा पहिला प्रश्न. चौथ्या दिवसापासून आईच बोलू लागली. बाबा कट्ट्यावर गेलेत, बाबांचा डोळा लागलाय. पण काय काय खाल्लं ते नीट सांग, ह्यांना सांगायचंय, असं ती रोज म्हणे. नीसच्या दिवशी अस्मिताने खरोखर धिरडी घातली. निदान तेवढं तरी खरं बोलता आलं.

बाकी दिवस भयंकर होते. सकाळी ईशान अर्ज पाठवायचा, दुपारी नकार वाचायचा आणि संध्याकाळी मिलानचं कौतुक करायचा. फोन ठेवला की त्याला स्वतःची किळस यायची. अस्मिता म्हणायची, आज सांगून टाकू. मग दोघं वहीतलं बाबांचं टपोरं अक्षर बघत आणि उद्याचं पान उलटत.

बारावा दिवस रविवारचा होता. वहीप्रमाणे त्या संध्याकाळी घरी पोचायचं होतं. पण शनिवारी मास्ट्रिख्ट या डच शहरातल्या एका कंपनीचा निरोप आला होता, बुधवारी शेवटची मुलाखत. चार दिवस मिळाले तर चांगली बातमी घेऊनच घरी पोचता येईल, असा हिशोब ईशानने केला. जवळच्या चर्चच्या घंटा सुरू झाल्यावर त्याने मुद्दाम खिडकी उघडली आणि रोमहून फोन लावला.

आईच्या मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं. बँकेत आलोय दोघं, आई म्हणाली. मग एकदम तिने विचारलं, “ईशान, आज घरी पोचताय ना? पोचल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय.”

“आई, आम्ही अजून चार दिवस राहतोय. इथून नेपल्स जवळ आहे.”

पलीकडे नुसती खुडबुड ऐकू आली. फोन लागलाय ना, हे त्याने बघून घेतलं. मग बाबांचा आवाज आला. घोगरा आणि लांबून आल्यासारखा.

“अवश्य जा. वहीत घालायचं राहूनच गेलं बघ. पिझ्झा तिथलाच खा.”

आवाजाला काय झालं, असं ईशानने विचारलं. आंबा बाधला, बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

बुधवारी ईशान मास्ट्रिख्टला जाऊन आला. जाताना गाडीतून त्याने आईला नेपल्सच्या समुद्राचं वर्णन लिहून पाठवलं. गुरुवारी सकाळी त्याला नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. अस्मिता स्वयंपाकघरातच मटकन खाली बसून रडली. मग डोळे पुसून तिने माळ्यावरून दोन बॅगा काढल्या, त्यांत कपडे कोंबले आणि दिवाणखान्यात उघड्या टाकल्या. नोकरीचं सांगायचं आणि मग झालं गेलं सगळंच कबूल करायचं, असं दोघांचं ठरलं. दुपारी ईशानने दोन आठवड्यांत पहिल्यांदा व्हिडिओ लावला.

आई जमिनीवर बसली होती. सोफा भिंतीला सरकवलेला होता आणि शेजारच्या वसुधाताई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

“पोचलात?” आईने विचारलं. “दोघंही घरात आहात?”

“पोचलो गं. बाबांना बोलाव, त्यांना आधी सांगायचंय.”

आईने त्याच्यामागच्या उघड्या बॅगा पाहिल्या.

“बाबा आज पहाटे गेले,” ती म्हणाली. “तुम्ही निघालात तेव्हापासूनच बरं नव्हतं, बारा दिवस हॉस्पिटलात होते. पोरं फिरून घरी पोचेपर्यंत कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. डॉक्टर रविवारीच म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी सांगणारच होते रे. पण तू चार दिवस म्हणालास, आणि ह्यांनी फोन काढून घेतला माझ्या हातातून. म्हणाले, थांब, नेपल्स बघू दे त्यांना.”