माणसांसाठी नाही

"माणसाचंच प्रथिन ना ते? मग माणसालाच का चालत नाही?"

बायकोने पलंगावरून हा प्रश्न टाकला, तेव्हा थेंबेमास्तर तिच्या पायांना तेल चोळत होते. पाय वाळत चालले होते. स्नायू झिजण्याच्या या आजाराला औषध नाही, असं डॉक्टरांनी फी घेण्याआधीच सांगितलं होतं. माणूस प्रामाणिक होता.

मास्तर शाळेतले नव्हते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होते. माणसाच्या जनुकाचा तुकडा जिवाणूंत घालायचा आणि त्यांना राबवून प्रथिन बनवून घ्यायचं, असा तो प्रकार. जिवाणू संपावर जात नाहीत, त्यामुळे माल शुद्ध यायचा. कंपनीकडून बाटलीत आलेली चिमूटभर भुकटी मास्तर विरघळवत, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत थेंबाथेंबाने वाटत आणि गोठवून ठेवत. नाव पडलं ते त्यामुळे. पुढे ते याच आजाराने पांगळ्या झालेल्या उंदरांना टोचलं जाई. आणि पहिल्या फेरीतले उंदीर खरोखरच उठून चाकावर धावू लागले होते.

"बाटलीवर स्पष्ट लिहिलंय," मास्तर म्हणाले. "फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही."

"उंदरांना वाचता येत नाही, म्हणून त्यांचं बरं चाललंय. अहो, आणा की एखादी नळी. जन्मभर नर्स होते मी. अख्ख्या गावाला टोचलं, स्वतःला टोचायला काय होतंय?"

"प्रयोगशाळेच्या मॅडमना कळलं तर नोकरी जाईल."

"आणि नाही आणलीत तर बायको जाईल. बघा बाई, कुठली जागा भरायला सोपी!"

दोघंही हसले. हसून झाल्यावर मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ नुसते उभे राहिले.

चोरी त्यांच्या हाडात नव्हती आणि 'नाही' जिभेवर येत नव्हतं. अशा वेळी भित्रा माणूस मधला रस्ता काढतो. त्यांनी प्रयोगशाळेतली कोरी नळी घेतली, तिच्यात सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी भरलं, आपल्याच वळणदार अक्षरातली नेहमीची चिठ्ठी चिकटवली आणि थर्मासात बर्फ घालून ती घरी आणली.

बायकोने नळी उजेडात धरली. "चोरलीत?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"नाही, शेजारणीसाठी."

तिने नळी उशाशी ठेवली आणि म्हणाली, "आता बाहेर व्हा. तुम्ही समोर असलात की मला सुई टोचवत नाही."

मग दर आठवड्याला एक नळी येऊ लागली. आणि नवल म्हणजे, बायकोचा चेहरा उजळला. दोन घास जास्त जाऊ लागले. मिठाच्या पाण्याने एवढं व्हावं, याची मास्तरांना लाज वाटे. रविवारी मॅडम तिला भेटायला येत आणि दोघी दार लोटून गप्पा मारत, तेव्हा तर मास्तर बाहेर दाराला कान लावून बसत. पण मॅडम जाताना हसूनच जात.

"उंदीर कसे आहेत?" बायको रोज विचारी. नवऱ्यापेक्षा उंदरांचीच चौकशी जास्त, असं मास्तर म्हणत.

शेवटच्या फेरीच्या वेळी तिचा श्वास जड झाला आणि मास्तरांनी रजा घेतली. नव्या भुकटीची मागणी मंजुरीसाठी अडकून पडली होती. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घर सांभाळा. माझं मी बघते काहीतरी."

त्या फेरीत एकही उंदीर उठला नाही. वरच्या समितीने निकाल पाहिला आणि ते संशोधनच कायमचं बंद केलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही झालं. म्हणजे खरं आणलं असतं, तरी पाणीच होतं म्हणायचं.

"एकसुद्धा उठला नाही?" बायकोने विचारलं.

"एकसुद्धा नाही."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मग उगीचच गेलं हो सगळं."

तिच्या अंगात गेलं ते पाणी होतं, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानंतर ती उठून बसली नाही. काही दिवसांत गेली.

मॅडम भेटायला आल्या तेव्हा मास्तर त्याच पलंगाच्या कडेला बसले होते. शेवटपर्यंत तिला फसवलं, हे एक वाक्य त्यांना जेवू देत नव्हतं.

"मॅडम, एक सांगायचं होतं. त्या नळ्या..."

"ठाऊक आहे मला," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिने पहिल्याच रविवारी सांगितलं. तिने एकही टोचून घेतली नाही, मास्तर. म्हणायची, माझं काय, मी पिकलं पान. उंदीर उठले तर पुढे कितीतरी माणसं उठतील. तुम्हाला मात्र बरं वाटावं म्हणून हसत राहायची. नळ्या बर्फात जपून ठेवायची आणि माझ्या हातात द्यायची. तुमच्या नोकरीला धक्का लावणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली होती मला."

मास्तरांनी मान खाली घातली.

"मनाला लावून घेऊ नका," मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "उलट तुमचे उपकारच झाले. शेवटच्या फेरीला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. ती अख्खी फेरी मी तिच्याच नळ्यांवर निभावली."