गिलाव्यात मुरलेलं

छावणीतल्या जुन्या चर्चच्या उत्खननात मार्था उजागरे भिंतीला आवाज वाचणारं यंत्र लावून बसली होती. गिलाव्याच्या सगळ्यात खालच्या थरात दीडशे वर्षांपूर्वीची उपासनेची गीतं होती आणि पुरातत्त्व खात्याला तीच हवी होती. पुढे चर्चचं गोदाम झालं होतं; त्यावरच्या थरात तिथल्या हमालांच्या आरोळ्या होत्या. मार्थाचा जीव मात्र अगदी वरच्या थरात अडकला होता. गोदाम दुसरीकडे हललं, तेव्हा तिथे तिच्या आईने टायपिंगचा क्लास काढला होता. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि तिचा आवाज कुठेच जपलेला नव्हता.

गिलाव्यात मुरतं ते फक्त रोज रोज बोललेलं. टाइपरायटरच्या खडखडाटामागून सहा-सात वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "आई, चल ना घरी."

मार्थाने स्वतःला ओळखलं. ती आईचं उत्तर ऐकायला थांबली, पण पुढे काहीच नव्हतं. आई रोज नवी सबब सांगायची. त्यातली एकही मुरली नव्हती.

"मॅडम, खालच्या गीतांसाठी हा थर खरवडायला घेऊ का?" मागून सहकारी नंदेश्वरांनी विचारलं.

"थांबा जरा," मार्था म्हणाली. "आई निघायचीय अजून."