औषध उतरेपर्यंत

सिस्टरनं रक्ताची आणखी एक नळी भरली आणि विचारलं, “काका, अजून कोणी दिसतंय का?”

“दिसतंय,” मी म्हणालो.

भास घडवणारं औषध खराब लिव्हरच्या माणसात किती वेळ राहतं, हे डॉक्टरांना बघायचं होतं. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा, माझ्याच वजनाचा, पण ठणठणीत लिव्हरचा एक मास्तर होता. सकाळी दोघांनी एकदमच गोळी घेतली. त्याला भिंतीवर रंग दिसले आणि चारच्या चहाला तो माणसात आला.

माझ्यासमोर मात्र स्टुलावर बसून शालन अजून मेथी निवडत होती. माझी बायको. पाच वर्षांपूर्वी ती घरी एकटीच वारली, तेव्हा मी गुत्त्यात होतो. त्याच दारूनं लिव्हर नासलं, म्हणून औषध रेंगाळत होतं आणि शालनही. दारू जन्मात पहिल्यांदा माझ्या कामी आली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “एवढ्या वेळात तुमच्यासुद्धा रक्तातून औषध गेलेलं असणार. आता कोणी दिसत नाही ना?”

शालननं निवडलेली मेथी पदरात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

“नाही,” मी म्हणालो. “कोणी नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला घरी सोडलं. बाहेर रिक्षात मी पलीकडच्या कडेला सरकून बसलो. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, “अजून कोणी यायचंय का, काका?”

“बसली ती,” मी म्हणालो. “चल.”