भागूबाईची शपथ

बांधाची कड ढासळली आणि ट्रॅक्टरचं उजवं मागचं चाक अधांतरी लटकलं. खालच्या भातखाचरातून भाकरी घेऊन येणारी भागूबाई जागीच थबकली. वर, दोन माणसांच्या उंचीच्या बांधावर, तिचा एकुलता एक सुनील कलत्या ट्रॅक्टरवर बसला होता. ब्रेकवरचा पाय उचलायची त्याची छाती होत नव्हती. इंजिन धडधडत होतं आणि परवाच्या वळवात भिजलेली माती ढेकळाढेकळानं खाली येत होती.

वर जायची वाट वहाळाच्या पाण्याला वळसा घालून होती. तेवढा वेळ बांध थोडाच देणार होता? सुनील घरी विसरलेला फोन तिच्या ओच्यात होता. सकाळीच त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या पोलादपूरच्या महमूद मिस्त्रीचा फोन येऊन गेला होता. तिनं त्यालाच लावला आणि काय झालंय ते सांगितलं.

"घाबरू नका मावशी," महमूद म्हणाला. "सीटमागची लोखंडी कमान हाय ना? गाडी उलटली तरी कमान भुईला टेकते. मानूस चिरडत नाय."

"ती काढलीय."

"कुनी?"

भागूबाईनंच काढायला लावली होती. माघात ती कमान मोहरलेल्या काजूच्या फांद्या ओरबाडायची, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. सुनीलनं मुकाट्यानं कमान उतरवून गोठ्यात टाकली होती.

"पण सीटचा पट्टा बांधलाय त्यानं," ती घाईनं म्हणाली. "मी शपथ घातलीय. पट्ट्याबिगर बसलास तर माझं मेलं तोंड बघशील, म्हणून."

शेतकी मेळाव्यात तिनं पडद्यावर पाहिलं होतं. ट्रॅक्टर कोलांटी खातो आणि पट्टा बांधलेला माणूस धडधाकट उतरतो. पट्टा तेवढा तिच्या ध्यानात राहिला. कमान तिला नुसती शोभेची वाटली होती.

"मावशी, पट्टा सोडायला सांगा आधी," महमूदचा आवाज फाटला. "कमान असली तरच पट्टा. नायतर तो मानसाला गाडीखाली बांधून ठेवतो. पट्टा सोडून चढाच्या अंगाला उडी टाकू दे त्याला."

म्हणजे पोराला तिनंच बांधून घातलं होतं. "सुटली रे, शपथ सुटली," ती तीन-तीनदा ओरडली. इंजिनापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? मग तिनं पोटाशी हात नेऊन गाठ सोडल्यासारखी खूण केली. सुनीलनं ती पाहिली; पट्टा बांधलाय ना, असंच आई विचारतेय असं त्याला वाटलं. तशा अवस्थेतही तो कसनुसा हसला, पट्ट्यावर थाप मारून तिला दाखवलं आणि पट्टा आणखी आवळून घेतला.

बाप गेल्यापासून या पोरानं आईचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याचं तिला मोठं कौतुक होतं. आज त्याच गुणाची तिला धडकी भरली.

बांधातून हंड्याएवढा दगड निसटला. ट्रॅक्टर आणखी वीतभर कलला.

भागूबाईनं डोक्यावरची भाकरीची पाटी सोडून दिली, छातीवर हात दाबला आणि उभीच्या उभी चिखलात कोसळली. डोळे मिटून, तोंड वासून, मेल्यासारखी पडून राहिली.

वरून आरोळी आली. पाठोपाठ माती घसरली आणि सगळी भुई हादरली. इंजिन एकदा किंचाळलं आणि गप्प झालं.

आता डोळे उघडायचं तिला धाडस होईना. पोर बाहेर पडलं की खाली गेलं? पहिल्यांदा तिनं देवाला हाक मारली आणि मग देवाचं नावही आठवेना.

मग ढासळलेल्या मातीवरून कुणीतरी घसरत खाली आलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. गरम थेंब तिच्या कपाळावर पडले.

"आये, डोळं उघड गो," सुनील हुंदके देत होता. "तू पडलीस नि मी पट्टा सोडून उडी टाकली. तुझी शपथ मोडली मी."

भागूबाईनं डोळे उघडले. पोराच्या खांद्यापलीकडे ट्रॅक्टर चाकं वर करून पडला होता आणि सीट चिखलात पार गाडली गेली होती. तिनं सुनीलच्या तोंडावरून हात फिरवला, दोनदा फिरवला.

"मोडलीस ती बरी मोडलीस," ती म्हणाली. "म्हणून तर पुन्यांदा शपथ घालायला मी हाय नि मोडायला तू जिता हायस."