दोघींचाच गट

बाई दंडावर शर्यतीचा नंबर लिहून घेऊन परतल्या, तेव्हा विहीणबाई सायकलीवर वाकल्या होत्या. स्वतःच्या नव्हे, बाईंच्या. बोटं पुढच्या चाकापाशी, आणि बोटांखालून बारीक आवाज : फुस्स.

बाई जागच्या जागी थांबल्या. उभा जन्म परीक्षेच्या वर्गात फेऱ्या घालण्यात गेलेला. खोडरबराखाली दडवलेली चिठ्ठी त्यांना चार बाकांवरून दिसायची. इथे तर भर मैदानात, सकाळच्या स्वच्छ उजेडात हात चालला होता.

"काय हो विहीणबाई?"

विहीणबाई दचकल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभ्या राहिल्या. "काही नाही. बघत होते नुसतं. छान ठेवलीय सायकल."

"ठेवलीय खरी," बाई म्हणाल्या. "राहू दे तशीच."

दोघींच्या सायकली एकाच दांडीला शेजारी शेजारी अडकवलेल्या. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. साठीवरच्या बायकांच्या गटात यंदाही दोघीच. म्हणजे एकीचा नंबर पहिला आणि दुसरीचा शेवटचा. गेल्या दोन्ही वर्षी शेवटचा बाईंचा आला होता, आणि जावयानं "दुसऱ्या आलात, आई! कमी का आहे?" असं म्हणून जखमेवर मीठ चोळलं होतं.

कुंपणापलीकडे लेक उभी होती. "टॉवेल एकच आणलाय हं," ती सकाळीच हसत म्हणाली होती. "जी आधी येईल तिला." तिला ती गंमत वाटली. पण ती राहायची सासूजवळ, आणि हल्ली 'आई' अशी हाक ती कुणाला जास्त मारते, हे मोजायचं बाईंनी कधीच सोडून दिलं होतं. निदान सोडून दिलंय असं त्या सांगायच्या.

विहीणबाई टोपी चढवत तलावाकडे गेल्या. बाईंनी चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. घरून निघताना दगडासारखं होतं. आता अंगठा जरासा आत जात होता. मागचं पाहिलं. तेही तसंच.

"अस्सं!"

त्यांनी पंप काढला. गेलेली हवा भरली, आणि वर व्याज म्हणून आणखी चार दट्टे मारले. विहीणबाईंना सरळ विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण विचारणार कसं? मागे एकदा विहीणबाई पोहताना श्वास कसा घ्यायचा ते सांगायला लागल्या, तेव्हा बाईंनीच चारचौघांत ऐकवलं होतं, "शिकवायचं काम करूनच निवृत्त झालोय आम्ही." तेव्हापासून विहीणबाई गप्पच असत. आणि गप्प बसणारी मुलं बाईंना वर्गातही कधी आवडली नव्हती.

त्या दिवशी बाई पोहल्या त्या रागाच्या जोरावर. पाण्यात कुणाचाही पाय लागला, की तो विहीणबाईंचाच वाटायचा. काठाला लागून मागे पाहिलं, तर विहीणबाईंची पिवळी टोपी अजून बरीच आत होती. असं पहिल्यांदाच घडत होतं. बाई ओल्या पायांनी धावत सुटल्या.

मैदानावर आता लख्ख ऊन पडलं होतं. सायकलींच्या रांगेत शिरतात न शिरतात तोच समोरून आवाज आला : फाट्! पलीकडच्या दांडीपाशी एका टकल्या गृहस्थानं कपाळावर हात मारला.

"गाढव आहे मी! उन्हात ठेवायची तर हवा थोडी काढून ठेवावी लागते. दर वर्षी काढतो. आजच विसरलो!"

बाईंनी आपल्या सायकलीकडे पाहिलं. पुढचं चाक बसलं होतं. टायरच्या कडेतून फाटक्या ट्यूबची जीभ बाहेर आली होती. मागचं अजून शाबूत होतं. बाईंनी आधी खाली बसून त्याची थोडी हवा सोडली. फुस्स. तोच आवाज.

जादा ट्यूब घरी राहिली होती. उगाच वजन नको म्हणून त्यांनीच ती काल पिशवीतून काढली होती.

एवढ्यात विहीणबाई आल्या, धापा टाकत, निथळत. त्यांनी फुटलेलं चाक पाहिलं. दांडीखाली पडलेला पंप पाहिला. मग आपल्या सीटखालच्या पिशवीतली ट्यूब काढली आणि बाईंच्या हँडलला अडकवली.

"सांगायचं होतंत की!" बाई म्हणाल्या. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

विहीणबाईंनी हेल्मेटचा पट्टा खटकन लावला. "सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

आणि सायकल काढून त्या गेल्यासुद्धा.

बाईंनी चाक सोडवलं. टायरची कड उचकटून फाटकी ट्यूब ओढून काढली. विहीणबाईंची ट्यूब हातात घेतली. तिच्यात थोडी हवा भरली, गालाशी धरली आणि हळूहळू फिरवली. कुठे गार झुळूक लागते का बघत. एक वेढा पुरा झाला. काही लागलं नाही.

"आई, अगं काय करतेयस?" कुंपणापलीकडून लेक ओरडली. "घाल ना लवकर! बघत काय बसलीस?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "बघत होते नुसतं."

आणि त्यांनी ट्यूब दुसऱ्या गालाला लावली.